थायरॉइडच्या अँटीबॉडी वाढल्या म्हणजे कॅन्सर होणार का?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्या पत्नीचे वय ३८. थायरॉइड कमी असल्याने सहा वर्षांपासून ७५ची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात कुणीतरी अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी, करायला सांगितली, ती सहाशेच्या वर आली. सोनोग्राफीच्या कागदावर ‘थायरॉयडायटिस’ (थायरॉइडची सूज) आणि उजव्या बाजूला ६ मिलिमीटरची गाठ. लग्नाच्या मांडवात नात्यातल्या एका जाणत्याने सांगितले, “हा हाशिमोटो होय, ह्याचाच पुढं कॅन्सर होते, आताच काढून टाका.” तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. थायरॉइड काढावी का, आणि १५ वर्षांच्या मुलीचीही तपासणी करावी का, असे ते विचारतात.

सर, आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. थायरॉइड काढायची नाही. सहा मिलिमीटरच्या गाठीत सध्या तपासणीची सुईही घालायची नाही. मुलीची सोनोग्राफी करायची नाही. अँटी-टीपीओ पुन्हा करायची नाही. सहाशेची आठशे झाली तरी काही बिघडत नाही आणि चारशे झाली तरी काही सुधारत नाही. सोनोग्राफीचा तो कागद मात्र मला पूर्ण वाचायचा आहे. तुम्ही त्यातल्या दोनच गोष्टी कळवल्या, आणि कामाचे नेमके उरलेल्या ओळींत असते.

मी सर्जन आहे. सव्वीस वर्षे इकडेच, यवतमाळ-वर्धा पट्ट्यात, माना चाचपतो आहे. मानेत गाठ घेऊन येणारा प्रत्येक जण थायरॉइडचा नसतो. जुनी माणसे गलगंड आणि गंडमाळ हे दोन शब्द वेगवेगळे वापरत, ते अगदी बरोबर होते. गंडमाळ म्हणजे मानेच्या बाजूने माळेसारख्या उतरत गेलेल्या गाठी, आपल्याकडे बहुधा टीबीच्या. गलगंड म्हणजे थायरॉइड, कंठाच्या खाली, मधोमध. मी पेशंटला स्टीलच्या पेल्यातून पाण्याचा घोट घ्यायला लावतो आणि समोर बसून पाहतो. घोट उतरताना गाठ वर जाऊन खाली आली की समजायचे, थायरॉइडची आहे. तिसरा प्रकार जबड्याखालच्या दगडासारख्या टणक गाठीचा. तिथे मी आधी तोंड उघडायला सांगतो, कारण गालाच्या आत तंबाखूचा खर्रा ठेवायच्या जागी न भरणारी जखम सापडते. माझी झोप उडते ती या तिसऱ्या गाठीने. थायरॉइडच्या गाठीने फारच क्वचित. आणि गंमत अशी, की थायरॉइडच्या अँटीबॉडीला घाबरून नागपूरला धावणारे घर आणि ‘खर्रा सोडतो हळूहळू’ म्हणणारे घर बऱ्याचदा एकच असते.

हाशिमोटो हे माणसाचे नाव आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एका आजींनी मला “माही हाशी मोठी झाली” असे सांगितले होते, आणि मानेकडे पाहता ते खोटेही नव्हते. हकारू हाशिमोटो हे जपानच्या क्युशू विद्यापीठातले तरुण सर्जन. त्यांनी १९१२ मध्ये एका जर्मन नियतकालिकात चार बायकांच्या काढलेल्या थायरॉइडचे वर्णन छापले. त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली थायरॉइडमध्ये लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या शिपाई-पेशी, दाटीवाटीने भरलेल्या दिसल्या. पुढे ते गावी परतले, घरचा दवाखाना चालवला आणि १९३४ मध्ये टायफॉइडने गेले. खेड्यात डॉक्टरकी करणाऱ्या माणसाचे नाव आज जगभरच्या रिपोर्टांवर छापले जाते, याचे मला आपले उगाच बरे वाटते.

या आजारात होते असे, की घरची राखण करणाऱ्या पेशीच घरातल्या माणसाला ओळखेनाशा होतात. त्या थायरॉइडमध्ये शिरतात आणि हार्मोन बनवणाऱ्या पेशी हळूहळू संपवतात. अँटी-टीपीओ ही त्या भांडणाची खूण. हार्मोन कमी पडू लागले की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते, म्हणजे थायरॉइडला जास्त जोराने कामाला लावते. आपण गोळीने बाहेरून हार्मोन भरून काढतो. ही अँटीबॉडी काही दुर्मीळ चीज नाही. भारतातल्या आठ मोठ्या शहरांत झालेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे २२ टक्के प्रौढांच्या रक्तात अँटी-टीपीओ सापडली. म्हणजे तुमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दहा जण बसत असतील तर दोघांच्या रक्तात ती असू शकते. फक्त त्यांनी तपासलेली नाही, म्हणून ते सुखाने डबा खातात.

आता मांडवातल्या त्या जाणत्याकडे वळू. तो अगदी हवेतले बोलला नाही. हाशिमोटो आणि थायरॉइडचा कॅन्सर यांचा संबंध १९५५ पासून लिहिला जातो आहे. ऑपरेशन करून काढलेल्या थायरॉइड तपासल्या, तर ज्यांच्यात हाशिमोटो आहे त्यांत पॅपिलरी कॅन्सर, म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार, बराच सापडतो. इंटरनेटवर हेच वाचायला मिळते आणि माणूस हादरतो. पण त्या थायरॉइड काढल्या कशासाठी होत्या, हे कुणी विचारत नाही. गुरांच्या दवाखान्याच्या दारात उभे राहून बैल मोजा. निम्मे लंगडे निघतील. त्यावरून ‘गावातले निम्मे बैल लंगडे’ म्हणाल का? लंगडा होता म्हणून तर त्याला तिथे आणला! हाशिमोटो असलेल्या हजार बायकांतल्या नऊशेहून जास्त जणी सर्जनकडे कधी येतच नाहीत, गोळी घेऊन घरी असतात. येते ती, जिची गाठ मोठी झाली किंवा जिच्या सुईत संशय आला.

२०१३ मध्ये अशा जुन्या अभ्यासांचा एक आढावा निघाला, त्यात हा फरक आकड्यांत दिसतो. ऑपरेशन करून काढलेल्या थायरॉइडच्या अभ्यासांत, हाशिमोटो असलेल्यांत पॅपिलरी कॅन्सरचे सरासरी प्रमाण २७ टक्क्यांच्या वर होते. सुईने तपासलेल्या पेशंटच्या अभ्यासांत तेच १.२ टक्के. आजार तोच, मोजायला उभे राहिलो ती जागा वेगळी. आणि सुईसाठी आलेल्याही गाठ होती म्हणूनच आलेल्या. नुसती अँटीबॉडी वाढलेल्या, गाठ नसलेल्या बाईचा धोका त्याहूनही खालीच धरायला हवा.

मग संबंध मुळीच नाही का? तसेही मी म्हणणार नाही. दोन-तीन धागे खरे वाटतात. टीएसएच हे थायरॉइडच्या पेशींना वाढायला लावणारे संप्रेरक आहे, आणि ज्यांना गाठ आहे त्यांच्यात टीएसएच जितका वरच्या बाजूला, तितकी ती गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता थोडी जास्त, असे वेगवेगळ्या ठिकाणी दिसले आहे. वर्षानुवर्षे धुमसणारी सूज पेशींच्या जनुकांना इजा करू शकते, हेही पटण्यासारखे आहे. पण उलटी बाजूही आहे. कॅन्सर आधी झाला आणि त्याच्याशी झुंजायला शिपाई-पेशी मागून गोळा झाल्या, असे असले तरी पॅथॉलॉजिस्टला काचेवर तेच चित्र दिसते आणि तोही ‘थायरॉयडायटिस’ लिहितो. चोर आधी आला की पोलीस, हे फोटोवरून सांगता येत नाही. शिवाय ज्यांना पॅपिलरी कॅन्सर आणि हाशिमोटो दोन्ही आहेत, त्यांचा कॅन्सर एकंदरीत सौम्य वागतो. तो ग्रंथीच्या बाहेर कमी पसरतो आणि परत उलटण्याचे प्रमाणही कमी दिसते. शिपाई घरच्यांना छळत असले तरी चोरालाही थोडे बदडतात, असे दिसते.

आता ज्या संबंधाबद्दल शंका नाही, तो सांगतो. त्याबद्दल मांडवात कुणी बोलत नाही. तो म्हणजे थायरॉइडचा लिम्फोमा, शिपाई-पेशींचाच कॅन्सर. निरोगी थायरॉइडमध्ये या पेशींची वस्ती जवळपास नसतेच. हाशिमोटो ती वसवतो, आणि फार वर्षांनी क्वचित त्या वस्तीतच एक टोळी बेलगाम होते. हाशिमोटो असलेल्यांत हा धोका इतरांच्या साठपट किंवा त्याहून जास्त धरतात. ‘साठपट’ वाचून लगेच उठू नका. मुळात हा आजार दहा लाखांत वर्षाला दोनच्या आसपास माणसांना होतो. त्याला साठने गुणले तरी दहा लाखांत वर्षाला सव्वाशेच्या आसपास होतात, म्हणजे तुमच्या मिसेसच्या वाट्याला येणारा धोका फार लहान.

पण तो ओळखायला हवा, आणि मी एकदा चुकलो आहे. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी उलटलेली बाई, घाटंजीकडची, वीस वर्षे थायरॉइडची गोळी. म्हणाली, “दोन महिन्यात पोत आखूड झाली गयात. झोपलं का दम भरते.” काळ्या मण्यांची पोत खरोखर मानेत रुतली होती आणि कातडीवर मण्यांचे वळ उमटले होते. मान चाचपली तर लाकडासारखी. सुई घातली, रिपोर्ट आला: लिम्फोसायटिक थायरॉयडायटिस. मी म्हटले, बघा, जुनाच आजार आहे, आणि गोळी वाढवून घरी पाठवली. तीन आठवड्यांनी मुलगा तिला घेऊन आला तेव्हा आवाज घोगरा झाला होता आणि पाणी गिळताना ठसका लागत होता. मग जाड सुईने तुकडा काढला, विशेष रंग लावून तपासला, तेव्हा लिम्फोमा निघाला. बारीक सुईत हाशिमोटोच्या पेशी आणि लिम्फोमाच्या पेशी बहिणी-बहिणींसारख्या दिसतात, हे मला पुस्तकात माहीत होते. त्या दिवशी सुचले नाही. रिपोर्टपेक्षा त्या पोतीवर विश्वास ठेवायला हवा होता. नशीब एवढेच, की या कॅन्सरला बहुधा मोठे ऑपरेशन लागत नाही. केमोथेरपी आणि गरजेप्रमाणे शेक (रेडिएशन) यांवर गाठ विरघळते. पहिल्या सायकलनंतर आली तेव्हा तिने पोत दोन बोटांनी ओढून दाखवली.

म्हणून तुमच्यासाठी लक्षात ठेवायची खूण अँटीबॉडीचा आकडा नाही. मान आठवड्यांत, फार तर एक-दोन महिन्यांत, डोळ्यांदेखत वाढणे. आवाज बसून महिनाभर न सुटणे. गिळायला किंवा आडवे पडून श्वास घ्यायला त्रास. मानेच्या बाजूला वेगळी टणक गाठ. यातले काही झाले तर सोयाबीन काढून झाल्यावर जाऊ, असे म्हणायचे नाही. बाकी वर्षानुवर्षे जराशी भरलेली, दाबल्यावर रबरासारखी लागणारी मान हे हाशिमोटोचे नेहमीचेच रूप.

दुसरा एक लपणारा प्रकार सांगून ठेवतो. मुलीबद्दल विचारलेत म्हणून. पॅपिलरी कॅन्सरचा एक विरळा प्रकार तरुण मुलींत, कमी वयाच्या बायकांत, गाठ न करता सगळ्या ग्रंथीभर पसरतो. थायरॉइड घट्ट होते, अँटीबॉडीही बऱ्याचदा वाढलेल्या असतात, आणि सगळे त्याला हाशिमोटो समजतात. सोनोग्राफीत मात्र ग्रंथीभर बारीक वाळू पसरल्यासारखे पांढरे कण दिसतात आणि मानेच्या बाजूच्या गाठी सुजलेल्या असतात. विरळा आहे; पण ‘थायरॉयडायटिस’ हा शब्द छापला की विचार थांबतो, त्यावर उतारा म्हणून सोनोग्राफी करणाऱ्याला हे माहीत असलेले बरे.

आता तुमचा कागद. हाशिमोटोच्या थायरॉइडची सोनोग्राफी ही नवख्याला फसवणारी गोष्ट. ग्रंथी एकसारखी राखाडी न दिसता काळपट, खडबडीत दिसते. त्यात कधी पांढरट गोल ठिपके, थेट चितळाच्या पाठीसारखे. ते निरुपद्रवी असतात. कधी सुजेचा एखादा तुकडाच गाठीसारखा भासतो, प्रोब आडवा फिरवला की नाहीसा होतो. तालुक्याच्या सेंटरला एका दुपारी चाळीस पेशंट, त्यातल्या पस्तीस गरोदर बाया; तिथे मानेसाठी प्रोब दोन दिशांनी फिरवायला वेळ कुणाला आहे? म्हणून मला त्या सहा मिलिमीटरच्या गाठीचे वर्णन हवे. पूर्ण भरीव आहे की पाण्याची? खूप काळी आहे का? आडवी आहे की रुंदीपेक्षा उंच? कडा गुळगुळीत की दातेरी? आत बारीक पांढरे कण आहेत का? आणि मानेच्या बाजूच्या गाठींचे काय? या खुणांवरून गाठीला टायरॅड्स (TI-RADS) नावाची श्रेणी देतात, १ ते ५. सगळ्यांत संशयास्पद अशा ५ श्रेणीच्या गाठीतही साधारण १ सेंटिमीटर झाल्यावर सुई घालतात, ४ मध्ये दीड आणि ३ मध्ये अडीच सेंटिमीटरवर. तुमची गाठ ६ मिलिमीटरची. श्रेणी ५ असली तरी वर्षाने पुन्हा सोनोग्राफी. मानेच्या बाजूला संशयास्पद गाठ असेल तरच लवकर सुई. श्रेणी ३-४ असली तर नियमाने पुन्हा पाहायचीही गरज नाही. तरी मी एकदा वर्षाने करतो, ते पेशंटच्या घरच्यांसाठी, खरे सांगायचे तर थोडे माझ्याहीसाठी.

रिपोर्टात ‘मानेत मध्यभागी लहान लिम्फ नोड’ (लसिकाग्रंथी) असे लिहिले असेल तर घाबरू नका. हाशिमोटोत थायरॉइडच्या खालच्या टोकाशी असे नोड सर्रास सुजतात.

सुई लागलीच, तर तिचे भय नको. खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकतात, स्पिरिटचा गार बोळा, आणि रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक सुई. “थुंकी गिळू नका” एवढे मी सांगतो, कारण गिळले की गाठ सुईतून निसटते. सुईच्या पोकळीत आलेला थेंब काचेवर टाकून दुसऱ्या काचेने ओढायचा, झाले. मला स्वतःला त्या थेंबाचा रंग पाहायची खोड आहे, त्यावरून काही कळत नसले तरी. रिपोर्ट सहा गटांत येतो, त्याला बेथेस्डा म्हणतात. दुसरा गट म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. हाशिमोटोवाल्यांची कोंडी तिसऱ्या गटात होते. सुजेने बदललेल्या मोठ्या गुलाबी पेशी, हर्थल सेल, पॅथॉलॉजिस्टला संशयात पाडतात आणि तो ‘सांगता येत नाही’ असे लिहितो. अशा वेळी ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्याच काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात. काचा लॅबमधून मागून घ्या. सेवाग्रामला, नागपूरच्या मेडिकलला किंवा तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कॅन्सर हॉस्पिटलला घेऊन जाता येतात.

‘काढूनच टाकली तर चिंताच मिटली’ असे तुम्हाला कुणी सांगितलेच असेल. गेल्या वर्षी एक बाई आली, तिशीतली. एका खाजगी ठिकाणी नुसत्या अँटीबॉडी आणि लहान गाठीवरून सगळी थायरॉइड काढलेली, तपासणीत कॅन्सर नाहीच. नर्सने बीपीचा पट्टा फुगवला आणि दोन-अडीच मिनिटांत तिचा हात मनगटात वळला, पाचही बोटे चोचीसारखी एकत्र आली. थायरॉइडमागे तांदळाच्या-तुरीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या. त्या ऑपरेशनमध्ये गेल्या होत्या. आता दिवसातून तीनदा कॅल्शियम, सोबत व्हिटॅमिन डी, बहुधा जन्मभर. गोळी संपली आणि बस चुकली, की तोंडाभोवती मुंग्या सुरू होतात. हाशिमोटोची थायरॉइड आजूबाजूला चिकटलेली, रक्ताळ असते. तिच्यात या ग्रंथी आणि आवाजाची नस वाचवणे साध्या थायरॉइडपेक्षा अवघड. मी ऑपरेशन करतो, त्यातून माझे घर चालते, म्हणून हे माझ्याकडून ऐका.

गाठी शोधत सुटल्याने काय होते, याचा धडा दक्षिण कोरियाने दिला. तिथे १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर-तपासणी सुरू झाली. थायरॉइड तिच्यात नव्हता, पण थोडे जास्त पैसे दिले की मानेची सोनोग्राफीही होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले. त्याने मरणाऱ्यांचे प्रमाण होते तिथेच राहिले. म्हणजे जे कॅन्सर कधी त्रास देणारच नव्हते ते शोधून काढले आणि हजारोंच्या माना कापल्या. जपानच्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने नेमके उलटे केले. १९९३ पासून त्यांनी एक सेंटिमीटरपर्यंतच्या, सुईने सिद्ध झालेल्या पॅपिलरी कॅन्सरवर लगेच ऑपरेशन न करता नुसते लक्ष ठेवायला सुरुवात केली. दहा वर्षांत सुमारे ८ टक्क्यांत गाठ तीन मिलिमीटर किंवा जास्त वाढली, जवळपास ४ टक्क्यांत मानेच्या नोडमध्ये गेली, आणि थायरॉइड कॅन्सरने कुणी दगावले नाही. तुमच्या घरात कॅन्सर सिद्धच झालेला नाही, तरी हे सांगतो. कारण समजा उद्या झाला, तरी त्या शब्दाचा अर्थ इथे फुप्फुसाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरसारखा नाही. पॅपिलरी कॅन्सरच्या टप्प्यांत (स्टेजमध्ये) वय ५५च्या आत असेल तर तिसरी आणि चौथी पायरी मुळात धरलेलीच नाही.

ज्यांना दोन्ही आजार आहेत आणि ऑपरेशन झाले आहे, त्यांच्यासाठी एक तांत्रिक गोष्ट. कॅन्सर परत आला का हे पाहायला रक्तात थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशींनीच बनवलेले प्रथिन, तपासतात. हाशिमोटोत त्याविरुद्धच्याही अँटीबॉडी असू शकतात, त्या तपासणी बिघडवतात आणि आकडा खोटाच कमी दाखवतात. म्हणून दर वेळी अँटी-थायरोग्लोब्युलिनही सोबत करायची, शक्यतो एकाच लॅबमध्ये. ती वर्षागणिक उतरत गेली तर चांगले, चढू लागली तर सोनोग्राफी.

ग्रेव्हज हा अँटीबॉडीचाच भाऊबंद, पण उलटा. त्यात थायरॉइड जास्त चालते, धडधड, घाम, डोळे मोठे. त्यात गाठ असेल, तर रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा डोस घेण्याआधी गाठीचा निकाल लावून घ्यावा. तुम्हाला त्याची गरज नाही, पण तुमच्या पत्रासोबत दिग्रसच्या एका बाईंचाही हाच प्रश्न आला आहे.

मुलीचे. आईला हाशिमोटो असेल तर मुलीला थायरॉइड कमी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे खरे. म्हणून उंची थांबली, पाळी बिनसली, सुस्ती आली, मानेत भरलेपण दिसले, तर टीएसएच करा. एक रक्ततपासणी, बस. अँटीबॉडी आणि सोनोग्राफी करून पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात ‘माझ्या गळ्यात काहीतरी आहे’ हे घालू नका. घरात कुणाला मेड्युलरी नावाचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर गोष्ट वेगळी, तो वारशाने येऊ शकतो. हाशिमोटोशी त्याचा संबंध नाही.

मीठ बंद करू नका. हाशिमोटो आहे म्हणून आयोडीन सोडा असे सांगणारे व्हिडिओ फिरताहेत, आणि घरोघरी सैंधव आले आहे. जास्तीचे आयोडीन, म्हणजे त्याच्या वेगळ्या गोळ्या, समुद्री शेवाळाच्या पावडरी, हे नको. साधे पुडीतले आयोडीनयुक्त मीठ ठेवा, घरात पोरगी वाढत्या वयाची आहे.

आणि गोळी. मिसेसचा टीएसएच किती, हे तुम्ही लिहिलेच नाही! या सगळ्यात हाती धरण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि तीच पत्रात नाही. तो नेहमीच्या मर्यादेत राहिला पाहिजे. गाठ आटावी म्हणून गोळी वाढवून टीएसएच पार खाली दाबायचा, ही जुनी पद्धत मी सोडली. त्यात छाती धडधडते आणि हाडे झिजतात. गोळी उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. मला माहीत आहे, आपल्याकडे पहाटेचा चहा आधी आणि बाकी सगळे नंतर. शाळेत तुम्ही पोरींना लोहाची निळी गोळी वाटता, तसलीच लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्या घेत असतील तर ती चार तासांनी, जेवणाच्या वेळी. नाहीतर थायरॉइडची गोळी पोटात जाऊन अंगाला लागत नाही, टीएसएच चढतो, आणि डॉक्टर ७५ची १०० करतो.

पुढच्या महिन्यात एकदा आणा त्यांना. नुसता रिपोर्ट नको, सोनोग्राफीची फिल्मही आणा, आणि पहिल्या वेळची जुनी असेल तर तीही. टीएसएच आदल्या आठवड्यात करून ठेवा. यायची घाई नाही, कापूस वेचून झाल्यावर आलात तरी चालेल.